पहिलं बाळंतपण माहेरी

पहिलं बाळंतपण माहेरी, या आपल्याकडच्या साध्या नेमापायी आमची सून आमच्या हातून जायची वेळ आली होती. कोणी वाईट वागलं नाही, कोणी कोणाला टोचून बोललं नाही. उलट माझी बायको छाया त्या तीन-चार महिन्यांत जितकी गोड वागली तितकी आमच्या अख्ख्या संसारात माझ्याशी कधी वागली नसेल. मला वाटतं, गोंधळ तिथेच झाला.

नव्व्याण्णव सालची गोष्ट. आम्ही अबुधाबीत इलेक्ट्रा रस्त्याच्या मागे, नवव्या मजल्यावर राहत होतो. मी एका बांधकाम कंपनीत एस्टिमेशनला, म्हणजे खर्चाचे अंदाज काढायला, होतो आणि छाया इंडियन शाळेत भूगोल शिकवायची. आमचा एकुलता एक निनाद प्रवाशांच्या मोठ्या बोटीवर काही वर्षं नोकरी करून परत आला, तो नेलिदाला घेऊनच. ती त्याच बोटीवर रिसेप्शनला होती. मूळची पेरू देशातली. दोघांनी तिकडेच कचेरीत जाऊन सही-शिक्क्याचं लग्न उरकलं होतं आणि आम्हाला पोस्टाने फोटो आला होता. छायाने फोटो पाहिला, दोन दिवस घरात कोणाशी बोलली नाही, म्हणजे माझ्याशी बोलली नाही, आणि मग शाळेतून मोठा ॲटलास घेऊन घरी आली. त्यावरून मी ओळखलं की तिने सून पत्करली.

निनादला दुबईत एका हॉटेलात नोकरी लागली. राहायला तिथल्या देरा भागात स्टाफची खोली, तीत आणखी तिघं. तिथे बायकोला कुठे नेणार? म्हणून तो गुरुवारी संध्याकाळी अबुधाबीला यायचा आणि शुक्रवारी संध्याकाळच्या टॅक्सीने परत जायचा. बाकीचे दिवस नेलिदा आमच्याकडे. तिचं इंग्रजी बोटीवरचं, पाहुण्यांशी हसून बोलण्यापुरतं. त्यात तिने आमचे ‘आई’, ‘बाबा’ आणि ‘बस झालं’ एवढे शब्द पटकन उचलले. तिचं बोलणं मी इथे मराठीतच सांगतो.

ती आली त्याच आठवड्यात छायाने जेवणाच्या टेबलावर ॲटलास उघडला.

“दाखव तुझं गाव.”

नेलिदाने बराच वेळ बोट फिरवलं. गावाचं नाव युराकमायो. पांढरी नदी असा त्याचा अर्थ, गावातून वाहणाऱ्या नदीवरून पडलेलं. आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षा मोठं आणि जिल्ह्याच्या गावापेक्षा लहान. ॲटलासात ते नव्हतं.

“इथे कुठे तरी असणार,” छायाने तपकिरी रंगावर पेन्सिल टेकवली. “अँडीजचा पश्चिम उतार. कोरडा. पर्जन्यछायेचा प्रदेश.”

“नाही आई. पाऊस खूप.”

“पुस्तकात तसं आहे.”

नेलिदा उठली. बाथरूममधून दोन जाड टॉवेल घेऊन आली, ते लांब दुमडून टेबलाच्या दोन्ही कडांना उभे केले आणि म्हणाली, हे डोंगर. मधून आपली निळी ओढणी टाकली, ती नदी. मिठाची बाटली म्हणजे चर्च, त्याच्यासमोर कोस्टर ठेवला तो चौक, आगपेटी म्हणजे बाजार, आणि चौकातून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पावभाजीतले उरलेले पाव ठेवले, कारण त्या रस्त्यावर भट्ट्या आहेत आणि पहाटे सगळा रस्ता पावाच्या वासाने भरतो. नदीच्या काठाने तिने कोथिंबिरीच्या काड्या लावल्या. ती निलगिरीची झाडं होती. मला आमच्या घरातलं ते जेवणाचं टेबल तेव्हा पहिल्यांदा आवडलं.

तिच्या गावात, ती सांगायची, सूर्य उशिरा येतो. आकाश केव्हाच उजळतं, पण पूर्वेचा डोंगर ओलांडून ऊन चौकात पोचेपर्यंत शाळा भरलेली असते. तोवर बोटं गारठून जातात. मग बाजारातल्या बायका आपापलं बोचकं उचलून उन्हाच्या बाजूला जाऊन बसतात आणि जसं ऊन सरकतं तशा सरकत राहतात. दुपारी ऊन कातडी भाजतं आणि सावलीत गेलं की स्वेटर लागतो. चार वाजायच्या सुमारास पश्चिमेच्या डोंगराची सावली गावावर उतरते आणि समोरच्या डोंगरावरच्या शेतांवरून वर चढू लागते. ती सावली कुठल्या शेतापर्यंत गेली हे बघून बायका चूल पेटवतात. रविवारी आठवड्याचा बाजार. वरच्या गावांतले लोक लोकर आणि थंडीत वाळवलेले बटाटे घेऊन उतरतात, खालच्या उष्ण दऱ्यांतले लोक संत्री घेऊन चढतात, आणि युराकमायोची माणसं मधे बसून दोघांशी घासाघीस करतात. चौकात बँड वाजतो. तो बँड वाईट वाजवतो, असं तिने स्वतःच सांगितलं.

तिथे कोणी पूर्व-पश्चिम म्हणत नाही. वर आणि खाली, एवढंच. तिला अबुधाबीत आल्यावर सगळ्यात जास्त त्रास त्याचा झाला. पहिल्यांदा कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, फिरायला नेलं तेव्हा ती मधेच थांबली, समुद्राकडे बघितलं, इमारतींकडे बघितलं आणि मला विचारलं, “बाबा, इथे वर कुठल्या बाजूला?”

“इथे वर म्हणजे नववा मजला,” मी म्हटलं. ती हसली, पण तिला ते पटलेलं नव्हतं.

छायाचं आणि तिचं जमत गेलं ते स्वयंपाकघरात. एका चतुर्थीला छायाने तिच्या हातावर राजगिऱ्याचा लाडू ठेवला. तिने तो फोडून बघितला, हुंगला आणि आनंदाने म्हणाली की हे आमच्या डोंगराच्या उतारावर पिकतं, लाल कणसांचं शेत असतं, आम्ही गुळाच्या पाकात ह्याच्या वड्या करतो. मग तिने ताटातल्या उपासाच्या भाजीतला बटाटा, रताळं, वरचं दाण्याचं कूट, सगळं एकेक करून ओळखलं. हेही आमचं, हेही आमचं. छाया जरा नाराज झाली. इतकी वर्षं मुलांना ‘बटाट्याचं मूळस्थान अँडीज’ म्हणून शिकवत होती, पण आपली चतुर्थी तिकडून आली आहे असं तिला वाटलं नव्हतं. “तरी साबुदाणा आपला आहे,” ती म्हणाली. तोही तिकडचाच निघाला. युराकमायोत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गिनीपिग पाळतात आणि सणाला भाजून खातात हे कळलं, तेव्हा मात्र छायाला बरं वाटलं. कुठे तरी आपण वेगळे आहोत याचा तिला धीर आला.

ऑक्टोबरात नेलिदाला पाचवा महिना लागला आणि छायाने एक दिवस जेवताना जाहीर केलं, “सातव्यात डोहाळजेवण करू आणि लगेच तुला माहेरी पाठवू. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं. आपली पद्धत आहे.”

नेलिदाने घास ताटात ठेवला. “तिकडे? माझ्या आईकडे?”

“अर्थात. युअर मदर्स हाऊस. आमच्यात तसंच असतं. बाळ झालं की मग बघू.”

“ओके, आई,” ती म्हणाली.

आता इथे छायाबद्दल सांगायला हवं, नाही तर वाचणाऱ्याला वाटेल की बाई हौशी होती. तिची आई ती कॉलेजात असतानाच गेली. निनादच्या वेळी तिला जायला माहेरच उरलं नव्हतं. ती आमच्या कराडच्या घरी बाळंत झाली. माझी आई वाईट नव्हती, पण थकलेली होती आणि घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. बारशाच्या दिवशी पुरण छायाने स्वतः वाटलं. हे तिने मला कधी ऐकवलं नाही. पण दुसऱ्या कोणाची लेक बाळंतपणाला आलेली दिसली की ती त्या घरात जरा जास्त वेळ बसायची. आपल्या सुनेला आईच्या हातचं सगळं मिळालं पाहिजे, तेही विमानाने अर्धं जग ओलांडून का होईना, हे तिने मनात घट्ट धरलं होतं.

मी भूगोलाच्याच वाटेने विरोध करून पाहिला. म्हटलं, अगं, डिसेंबर ते मार्च तिकडे पावसाळा. लिमाहून बस घाट चढते, तो घाट आपल्या खंडाळ्यासारखा नाही, तिथे माणसाला श्वास पुरत नाही. दरडी कोसळतात. छायाने हे सगळं ॲटलासात आधीच पाहिलेलं होतं. “ती तिथेच जन्मली आहे. तिची फुप्फुसं तशीच आहेत,” ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी सातव्या महिन्यापर्यंत विमानाला हरकत नाही म्हटलं होतं, त्यामुळे माझा तोही मुद्दा गेला. निनादला फोनवर विचारलं तर चिरंजीव म्हणाले, “आईला योग्य वाटेल ते करा. नेलिदाला घरची आठवण येते, तिला छानच वाटेल.”

हमदान रस्त्यावर बदरुद्दीनची ट्रॅव्हल एजन्सी होती. रत्नागिरीकडचा माणूस, सगळ्या मराठी लोकांची तिकिटं तोच काढायचा. छायाने पेरू म्हटल्यावर त्याने आधी चष्मा लावला.

“वहिनी, एवढ्या लांब मी कोणाला धाडला नाय अजून. पण इन्शाल्ला, काढतो. दुबई-ॲमस्टरडॅम, ॲमस्टरडॅम-लिमा. मग पुढे?”

“पुढे बस.”

“रिटर्न कधीचा?”

“तो नंतर बघू. बाळ लहान असताना कशाला तारीख बांधून घ्यायची?”

“वन वे. खलास,” बदरुद्दीन म्हणाला आणि लिहून घेतलं.

नेलिदा तेव्हा आमच्याबरोबर होती. समोर खुर्चीवर बसून ती हे सगळं ऐकत होती. येताना गाडीत ती एक अक्षर बोलली नाही. छाया मला म्हणाली, बघा, आनंदाने गप्प झाली आहे पोर.

त्या दिवसापासून तिचं वागणं बदललं. ती छायाच्या आधी उठू लागली. आम्ही उठेपर्यंत ओटा घासलेला, कणीक मळलेली, माझे शर्ट इस्त्री करून टांगलेले. पोळ्या शिकायचा तिने ध्यास घेतला. पोळी वाकडी झाली तर ती लपवून स्वतः खायची. छाया ओरडायची, “बस झालं, बस, तुला आराम सांगितला आहे,” आणि हातातून लाटणं काढून घ्यायची. लाटणं काढून घेतलं की तिचा चेहरा पडायचा. छाया मैत्रिणींना सांगत सुटली की अशी कामसू सून मराठी घरातही मिळायची नाही. मला मात्र ते बघवत नव्हतं. घरात राहणारं माणूस असं राबत नाही, नोकरी जाईल की काय अशी भीती असलेलं माणूस असं राबतं. ऑफिसात मी तशी माणसं पाहिली होती. पण सुनेच्या बाबतीत ते मनात येऊनही मला त्याचा अर्थ लागेना.

मग मोठी सूटकेस आली. छायाने ती हॉलमध्येच उघडी ठेवली, जाता येता सुचेल ते टाकता यावं म्हणून. विहीणबाईंना जरीकाठी साडी, बाळाची दुपटी, डिंकाचे लाडू, खजूर, केशर. मधेच तिने नेलिदाचे स्वेटर, पुस्तकं आणि बोटीवरचे फोटोही आणून ठेवले. इथल्या कपाटात ते उगीच कशाला, तिकडे आईला दाखवता येतील, असा तिचा हिशोब. नेलिदा त्या सूटकेसला वळसा घालून जायची.

तिच्या आईच्या घरी फोन नव्हता. रविवारी सकाळी चर्च सुटल्यावर त्या बसस्टँडजवळच्या, आपल्या एसटीडी बूथसारख्या दुकानात येऊन थांबायच्या. तेव्हा आमच्याकडे संध्याकाळ असायची. नेलिदा इथून त्या दुकानाचा नंबर फिरवायची आणि त्यांना बोलावून घ्यायची. नोव्हेंबरातल्या एका रविवारी त्यांनी ‘सेन्योरा’शी, म्हणजे घरच्या बाईंशी, बोलायचं आहे असं सांगितलं. छायाने पदर सारखा करून रिसीव्हर घेतला. पलीकडून बाई खूप वेळ बोलत होत्या. आवाज दाटलेला, मधेच रडू. छायाला स्पॅनिशचं अक्षर येत नव्हतं, पण लेक येणार म्हणून आईला गहिवरून आलं आहे हे तिला भाषेवाचून समजलं.

“यस, यस. कमिंग. व्हेरी सून,” ती मोठ्याने, प्रत्येक शब्द सुटा करून सांगत होती. “आय ॲम सेंडिंग हर. डोन्ट क्राय. वुई आर सेंडिंग.”

रिसीव्हर ठेवल्यावर तिचेही डोळे ओले होते. “काय म्हणत होत्या गं?”

“थँक यू म्हणत होती,” नेलिदा म्हणाली आणि भांडी घासायला निघून गेली.

डोहाळजेवण डिसेंबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी झालं. महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी घर भरून गेलं. हिरवी साडी, फुलांच्या वेण्या, ओटी, झाकलेल्या वाट्या, सगळं रीतसर. नेलिदाने वाटी उघडली तर पेढा निघाला, आणि बायकांनी मुलगा म्हणून घर डोक्यावर घेतलं. आणि मग जी ती बाई तिच्या हातावर काही तरी ठेवून एकच विचारू लागली. माहेरी कधी निघणार? तिकीट झालं? बॅग भरली? अगदी नशीबवान हो, सासूने एवढ्या लांब पाठवायची तयारी दाखवली. प्रज्ञा नावाची छायाची मैत्रीण तर इंग्रजीत म्हणाली, “यू मस्ट बी काउंटिंग द डेज.” त्यावर नेलिदा रडू लागली. सगळ्याजणी कळवळल्या. माहेरची ओढ, दुसरं काय. छायाने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, “आता आठच दिवस.”

ते ऐकून ती आणखी रडली, हे मी दारात उभा राहून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. निनाद झोपलेला होता, छाया उसनी आणलेली ताटं मोजून परत करायच्या खटपटीत होती. मी नेलिदाला म्हटलं, चल, कॉर्निशवर चक्कर मारू. डिसेंबरातली अबुधाबीची सकाळ, इतकी सुखाची हवा वर्षात दुसरी नसते. आम्ही एका बाकावर बसलो.

“तुला जायचं नाही का?” मी सरळ विचारलं.

 तिने उलट मलाच विचारलं, “बाबा, मी काय चुकले?”

“चुकलीस? कुठे?”

“आई मला परत पाठवते. निनादही म्हणतो, जा. मी काम केलं. पोळी शिकले. मला वाटलं, आईचं मन बदलेल.”

मग तिने सांगितलं ते असं. युराकमायोत पोर होतं ते नवऱ्याच्या आईच्या घरी. बाळंतिणीच्या कंबरेला लोकरीचा पट्टा बांधायचा तो सासूने. तिला गरम पाण्याने न्हाऊ घालायचं ते सासूने. नाळ पुरायची तीही सासूच्याच चुलीजवळ, म्हणजे पोर त्या घराचं झालं. लिमाहून येणारी बस बाजारासमोर थांबते. पोट घेऊन, बॅग घेऊन एकटी बाई त्या बसमधून उतरली की बाजारातल्या बायका भाजी निवडायच्या थांबतात. कोणी काही बोलत नाही. नवऱ्याच्या घराने परत केलेली, एवढं सगळ्यांना कळतं. तिची मावशी अशीच उतरली होती. मावशीचा मुलगा आता मिसरूड फुटलेला आहे, तरी गावात त्याला बापाच्या नावाने कोणी हाक मारत नाही. सासूला कारण विचारायचं नसतं. विचारलं तर ती कारण सांगते, आणि मग ते गावभर खरं ठरतं.

“तुझ्या आईला सांगितलंस?”

“हो. फोनवर ती आईला विनवत होती. माझ्या मुलीला पाठवू नका, तिचं काही चुकलं असेल तर पदरात घ्या. आणि आई म्हणत होती, सेंडिंग, सेंडिंग.”

 आमच्या डोक्यात माहेर म्हणजे अंथरुणावर आयता चहा, तेल चोळणारे हात आणि सवा महिना कोणी उठ म्हणणार नाही. जगात कुठल्या बाईला ते शिक्षा वाटेल असं आम्हाला स्वप्नातही आलं नव्हतं. मी तिला जमेल तसं सांगितलं. आमच्यात सासरी बाईला काम असतं, माहेरी नसतं. म्हणून लाडक्या सुनेला पाठवतात. ज्या घरात सून नकोशी असते तिथेच तिला सासरी ठेवून घेतात. आणि मग छायाच्या आईचं सांगितलं, बारशाच्या पुरणाचं सांगितलं. ते ऐकून ती माझ्याकडे वळली.

“आईने स्वतः वाटलं?”

“स्वतः.”

“तेव्हा तिला कोणी पट्टा बांधला?”

“कोणीच नाही,” मी म्हटलं.

घरी आल्यावर मी छायाला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. ती ताटं पुसत होती. फोनवरचं सांगितलं तेव्हा तिने हातातलं ताट खाली ठेवलं आणि स्टुलावर बसली.

“म्हणजे ती बाई माझ्यापुढे हात जोडत होती,” ती म्हणाली. “आणि मी तिला यस यस म्हणाले.”

“तुला कुठे कळत होतं?”

“तुम्ही गप्प बसा हो जरा.”

 ती बराच वेळ फडक्याची घडी घालत आणि मोडत होती. मग उठली, हॉलमध्ये गेली आणि सूटकेसमधलं एकेक सामान काढून जमिनीवर ठेवू लागली. नेलिदा दारात उभी होती. छायाने तिचे स्वेटर उचलले, पुस्तकं उचलली, फोटो उचलले आणि स्वतः नेऊन कपाटात होते तिथे लावले. आवाजाने निनाद डोळे चोळत बाहेर आला तर त्याला म्हणाली, “तू हिचा नवरा आहेस की आमचा पोस्टमन? बायको महिनाभर रडते आहे आणि तुला पत्ता नाही?”

“मॉम, आय थॉट शी वॉज होमसिक,” तो म्हणाला.

“मराठीत बोल.”

तो नेलिदाला खाली बसवून तिच्याजवळ बसला, ते बरं झालं. छाया तिच्यासमोर जमिनीवरच बसली.

“तुमच्याकडे सासू काय काय करते ते मला सगळं सांग. सावकाश. काही सोडू नकोस.”

नेलिदाने सांगितलं. पट्टा, आंघोळ, कोंबडीचं सूप, नाळ. सुपाशी छाया जरा अडली. मग म्हणाली, “ते हे करतील.” हे म्हणजे मी. “बाकीचं मी करते. शिवाय आमचंही करणार. लाडू, शेक, धुरी. तुला आवडो न आवडो. ह्या घरात तुला पाठवून द्यायचं ह्यापुढे कोणी नाव काढणार नाही.” नेलिदाला यातलं किती कळलं देव जाणे, पण तिने छायाच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. छाया इतकी भांबावली की तिला हात कुठे ठेवावा ते कळेना.

शनिवारी बदरुद्दीनला फोन करून तिकीट रद्द केलं. रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं फोनभोवती बसलो. छायाने नेलिदाकडून स्पॅनिशमधलं एकच वाक्य घोकून घेतलं होतं. ‘तुमची मुलगी माझ्या घरी राहते आहे.’ दिवसभर ती ते पुटपुटत होती, शाळेतही पुटपुटली असणार.

नंबर लागला. पलीकडे नेलिदाच्या आई आल्या. छायाने रिसीव्हर घेतला आणि ते वाक्य म्हटलं.  खात्रीसाठी तिने पुन्हा म्हटलं. मग पलीकडून बोलणं सुरू झालं, आधी हळू आणि मग न थांबता, आणि छायाने रिसीव्हर नेलिदाच्या कानाला लावला आणि स्वतःचाही कान तिथेच टेकवला.

नेलिदा ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती.

“काय म्हणतात?” छाया म्हणाली. “सांग ना.”

“ती म्हणते, आज ती गाठोडं घेऊनच आली आहे. समोर लिमाची बस उभी आहे. माझं विमान येईपर्यंत ती लिमाला थांबणार होती. मग परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसून येणार होती. बाजारासमोर आधी ती उतरणार होती. म्हणजे लोक आधी तिच्याकडे बघतील. मी एकटी नसेन.” तिने श्वास घेतला. “आता म्हणते, बस जाऊ दे. ती घरी जाते.”

  इतक्या वर्षांत मी छायाला तिच्या आईसाठी रडताना पाहिलं नव्हतं, त्या संध्याकाळी पाहिलं.

“मला अशी आई असती तर,” ती म्हणाली आणि थांबली. मग तिने नाक पुसलं आणि नेहमीच्या शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, “तिला सांग, घरी जाऊ नका. बस पकडा. लिमाला जाऊन पासपोर्ट काढा. व्हिसाचं हे बघतील, तिकीट बदरुद्दीन काढेल. बाळाच्या आधी इथे पोचायचं.”

नेलिदाने सांगितलं. पलीकडून एकच प्रश्न आला.

“ती विचारते, तिकडे उतरल्यावर समोर कोण असेल?”

“मी,” छाया म्हणाली. “सगळ्यांच्या पुढे मी उभी असेन म्हणावं.”

नेलिदाने ते सांगितलं. पलीकडे रिसीव्हर कशावर तरी आपटल्याचा आवाज आला, मग गाडीचा हॉर्न, मग एका बाईची लांब जाणारी हाक. छाया घाबरली. “काय झालं? त्या कुठे गेल्या?”

“बस सुटत होती,” नेलिदा म्हणाली. “आई पळाली.”